औषधी झाड रानातच राखायचं तर: कोकणातल्या गावासाठी सविस्तर मार्गदर्शक

सप्तरंगी या औषधी वेलीची अकरा रोपं आम्ही देवाच्या राईतून उपटून शाळेच्या औषधी बागेत नेली होती. चिऱ्याची आळी केली, पाट्या रंगवल्या, मुलांनी पाळीपाळीने पाणी घातलं. पुढच्या वैशाखापर्यंत दहा रोपं वाळली. अकरावं अजून तग धरून आहे, पण त्याला फळ धरलेलं मी पाहिलेलं नाही. राईत मात्र तीच सप्तरंगी किंजळीच्या अंगाखांद्यावर चढते, तिची तांबडी फळं वानरं आणि पक्षी खातात, बी कुठेतरी सावलीत पडतं आणि पातेऱ्याच्या, म्हणजे गळून पडलेल्या पानांच्या, ओलीवर रुजतं. वाचवायच्या नावाखाली राईतली अकरा रोपं आम्ही कमी केली, एवढाच त्या उद्योगाचा हिशेब.

म्हणून हा लेख औषधी बागेचा नाही. रानात आपसूक वाढणारी औषधी झाडं, वेली, कंद जिथे आहेत तिथेच कशी राखायची, ते सांगणारा आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात आम्ही आठ-दहा जण गेली काही वर्षं हे काम करतो आहोत. त्यात जे चुकलं आणि जे जमलं त्यावरून पायऱ्या लिहितो आहे. रत्नागिरी, रायगड, पालघरातल्या गावांना थोड्याफार फरकाने त्या लागू पडतील.

कल्पना जुनीच आहे. औषधी वनस्पती आणि देशी वैद्यकीवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या एफआरएलएचटी या संस्थेने १९९३ पासून कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या वनखात्यांबरोबर औषधी वनस्पती संवर्धन क्षेत्रं राखायला सुरुवात केली. एकेक क्षेत्र साधारण दोनशे हेक्टरांचं. पुढे महाराष्ट्रातही अशी क्षेत्रं झाली, त्यातलं एक आमच्या आंबोलीचं. पण ते सगळं वनखात्याच्या जमिनीवर. कोकणातलं बहुतेक रान खासगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर वनखात्याकडे जमिनीचा अगदी लहानसा तुकडा आहे, बाकीचं रान कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर. त्यामुळे आपल्याकडे हे काम जमीनमालकांनी आणि गावाने अंगावर घेतलं तरच होतं.

पहिली पायरी: झाडाआधी जागा ओळखा

गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. त्याची मोठी प्रत काढून घ्या आणि चार माणसांना बरोबर घेऊन गाव पायाखाली घाला: गुरं राखणारा, पाला-मुळ्या ओळखणारी एखादी म्हातारी, असल्यास गावचा वैद्य आणि लिहून घेणारं एखादं कॉलेजातलं पोर. गुराख्याला वगळू नका. कुठला वहाळ मार्चपर्यंत वाहतो आणि कुठे गेल्या वर्षी वणवा थांबला, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडे मुख्य जागा चार. पहिली राई. देवाच्या नावाने राखलेली, सावलीची, पातेऱ्याची जागा. सप्तरंगी, नरक्या, वावडिंग, मोठाले बेहडे इथे. दुसरी जागा डोंगरउतार: कुडा, हिरडा, बिवला, मुरुडशेंग, शतावरी, झाडांवर चढलेली गुळवेल. तिसरी वहाळाचे काठ, जिथे खरा अशोक उभा असतो. आणि चौथी सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार.

सड्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा ‘पोटखराब’. मे महिन्यात पाहिला तर काळा तापलेला कातळ, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं इथे काहीच नाही. चिरेखाण काढा, जेसीबी फिरवून कलमं लावा. तोच सडा श्रावणात पाहा. बोटभर मातीच्या खळग्यांतून आणि कडेच्या गवतातून काळी मुसळी, फोडशी, रानहळद, कळलावी वर आलेली असते. त्यांचे कंद आठ महिने जमिनीत झोपलेले असतात आणि पहिल्या पावसाची वाट बघत असतात. बाजारात सफेद मुसळी म्हणून महाग विकली जाणारी वनस्पती तर शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यावर बोरिवलीच्या रानातून नोंदवली. तिच्या शास्त्रीय नावात आजही बोरिवली आहे. सडा एकदा फोडला की ती बोटभर माती पुन्हा तयार व्हायला किती पिढ्या जातील ते मोजायला आपल्यातलं कुणी उरणार नाही. म्हणून सड्याची फेरी उन्हाळ्यात करू नका. श्रावण-भाद्रपदात करा आणि पाहिलेलं त्याच दिवशी नकाशावर उतरवा.

वहाळाच्या काठी पाणी हीच खरी जागा असते. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथलं रानजायफळाचं दलदली जंगल फक्त २.५९ हेक्टरांचं आहे, पण राज्य शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. ते टिकलं, कारण देवाची राई म्हणून गावाने ते राखलं आणि चिखलाला लागणारं पाणी तिथेच राहिलं. तुमच्या गावात अशोकाचं बन असेल तर झाडांभोवती कुंपण घालण्याआधी वरच्या अंगाचा झरा कुणी पाइप टाकून वळवत तर नाही ना, ते पाहा. झरा तोडला तर कुऱ्हाडीची गरजच पडत नाही.

नकाशावर प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिहा: इथे काय आहे, पाणी कुठून येतं, धोका कुठून येतो.

दुसरी पायरी: नाव पक्कं करा

गावोगाव नावं बदलतात. एकाच वेलीला वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या वाडीत दुसरं, आणि एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती. नाव चुकलं तर राखण चुकीच्या झाडाची होते आणि औषध चुकीच्या माणसाच्या पोटात जातं.

कुड्याचं उदाहरण घ्या. आमांशावर सालीसाठी वापरतात तो पांढरा कुडा. काळा कुडा दिसायला त्याच्यासारखाच, दोघांची पानं समोरासमोर, दोघांना चीक. शेंगा पाहिल्या की फरक कळतो: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा बारीक, लांब आणि सुट्या लोंबतात; काळ्या कुड्याच्या दोन शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. अशोकाचंही तसंच. बंगल्यापुढे सरळ उंच वाढणारा, लाटेसारख्या कडांच्या पानांचा जो ‘अशोक’ लावतात तो वेगळा. खऱ्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात आणि फुलं केशरी-लाल, थेट फांद्यांवर झुबक्यांनी येतात. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळतं. हे प्रत्येक पोराला शिकवून ठेवा, कारण तिचा कंद जीवघेणा विषारी आहे आणि रानकंद समजून खाल्ला जाण्याची भीती असते.

शंका असेल तिथे फुला-फळांसकट एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलून वाळवा. ठिकाण, तारीख आणि गावातलं नाव लिहा, आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र या दोन्ही ठिकाणी जाणकार माणसं आहेत. दुर्मीळ वनस्पती असेल तर डहाळीसुद्धा तोडू नका. पान पुढून-मागून, फूल, साल आणि पूर्ण झाड असे फोटो पुरतात.

तिसरी पायरी: मोजा

‘पूर्वी खूप होतं, आता कमी झालं’ हे प्रत्येक गावात ऐकू येतं. त्यावर काही ठरवता येत नाही. मोजायला सामान फारसं लागत नाही: दहा मीटरची दोरी, शिंप्याची टेप, वही आणि गेरू.

निवडलेल्या जागेत दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा. त्यातली मोठी झाडं मोजा आणि प्रत्येकाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या. त्याच्याच एका कोपऱ्यात पाच बाय पाचच्या चौकोनात झुडपं आणि वेली मोजा, आणि एक बाय एकच्या चार-पाच चौकोनांत रोपं आणि कंद. एका राईत असे निदान पाच-सहा चौकोन हवेत, चांगल्या जागी दोन आणि खराब जागी दोन तरी. फक्त दाट जागा मोजल्या तर आकडा खोटं बोलतो. चौकोनाच्या कोपऱ्यावर दगड रचून गेरूची खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच उभं राहता येईल. झाडाला खिळे ठोकू नका.

आता आकडे वाचायचे कसे? आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांत घरं चांगली, अंगणं सारवलेली, पण घरात फक्त म्हातारी माणसं. तरणी मुंबईला आणि पोरांचा आवाज फक्त मे महिन्यात आणि गणपतीत. झाडांचंही असं होतं. आमच्या राईत बेहड्याची आभाळाला टेकलेली झाडं आहेत, पण पहिल्या मोजणीत एकाही चौकोनात त्याचं हातभर रोप मिळालं नाही. राई हिरवीगार दिसत होती, पण तिला पुढची पिढी नव्हती. मोठी झाडं थोडी आणि रोपं पुष्कळ असतील तर जागा सावरते आहे असं समजा. मोठीही आहेत, रोपंही आहेत पण मधल्या वयाची नाहीत, तर कुणीतरी काठ्या-वासे तोडून नेत आहे किंवा दरवर्षी वणवा लागतो आहे.

आणखी एक पाहायचं, ते बहुतेक जण विसरतात: नर आणि मादी. गुळवेलीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. लाल मण्यांचे घोस फक्त मादीला येतात. रातांब्याची नर झाडं ‘धरत नाही’ म्हणून आपणच तोडत आलो. शेजारी नर झाड नसेल तर रानातल्या मादीला बी धरायचं कसं? मोजणीच्या वहीत त्याचा रकाना वेगळा ठेवा.

चौथी पायरी: झाडाचा कोणता भाग जातो ते शोधा

पान, फूल, फळ गेलं तर झाड राहतं. साल गेली तर झाड आजारी पडतं. मूळ गेलं तर झाडच गेलं. धोका किती, हे ठरवताना आधी हे पाहा, मग बाजारभाव.

नरक्याची गोष्ट कोकणाने नीट लक्षात ठेवावी अशी आहे. दुर्गंधीमुळे ज्याला नरक्या म्हटलं, ज्याला सरपणालाही कुणी पुसत नव्हतं, ते हे झाड. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं. त्यापासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं निघाली, अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती वापरतात. माणसं वाचवणारं औषध, यात वाईट काहीच नाही. पण मागणी आली आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून नरक्या मुळासकट उपटून, तुकडे करून, वाळवून पोत्यांनी बाहेर गेला. उपटणाऱ्याच्या हाती पडलेली मजुरी आणि पुढे झालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. आमच्याही राईच्या एका कुशीत आज नरक्याचे फक्त खड्डे दाखवता येतात. काढणारे आमच्याच गावचे होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की काय जातं आहे.

तेव्हा गावात बसून यादीतल्या प्रत्येक वनस्पतीसमोर लिहा: कोणता भाग, कोण काढतं, घरासाठी की विकायला, कुणाला विकतं. चौकशी पोलिसासारखी करू नका. शतावरी खणून दोन पैसे मिळवणारी बाई ही आपली शत्रू नव्हे, ती पुढे या कामातली सगळ्यात जाणती माणूस ठरू शकते.

पाचवी पायरी: जमिनीचं जुळवा

खरं काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कोकणातल्या एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, त्यांतली निम्मी मुंबई-ठाण्यात. दर आठ-दहा वर्षांनी कुणीतरी ठेकेदार येतो, रान उक्तं विकत घेतो आणि सगळं कापून सरपणाला नेतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हिरडा, बिवला, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ अशी झाडं आहेत, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण कुडा, नरक्या, टेटू, वावडिंग त्यात नाहीत. ठेकेदाराच्या लेखी ती किरकोळ लाकूड. म्हणजे कायद्याने मोठं झाड वाचलं तरी त्याच्या पोटातलं औषध जातं.

यावर उपाय करार. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खासगी रानांच्या मालकांशी असे करार केले आहेत: मालकाने ठरलेली वर्षं रान तोडायचं नाही, त्याबदल्यात त्याला मोबदला. त्याच संस्थेच्या कामातून बेहड्या-हिरड्याची फळं, रानातला माल झाडं राखून काढल्याच्या ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपत्राखाली बाहेरच्या बाजारात गेली. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, हे तिथल्या लोकांना आधीपासून ठाऊक होतंच. आता उभ्या झाडाचे पैसेही येऊ लागले.

तुमच्याकडे संस्था नसेल तर भावबंदांपुरता साधा करार करा. आम्ही गणपतीत केला, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी घरी असतात. सगळं रान राखा असं म्हणून बसलो असतो तर एकही सही मिळाली नसती. आम्ही म्हटलं, ठेकेदाराला रान देताना वहाळाच्या दोन्ही बाजूंचे पंधरा मीटर आणि खूण केलेली झाडं वगळायची. एवढ्यावर सगळे तयार झाले. ठेकेदाराच्या चिठ्ठीवर ती अट लिहून घ्या आणि तोड सुरू असताना एक माणूस तिथे उभा ठेवा.

राईची रीत निराळी. तिथे सही चालत नाही, शब्द चालतो. आमच्या गुरवकाकांनी जत्रेच्या गाऱ्हाण्यातच सांगितलं की राईतलं मूळ कुणी काढू नये, आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. त्या एका होकाराचं वजन कुठल्याही फलकापेक्षा जास्त पडलं. मात्र हे मानकऱ्यांशी आधी बोलून करा. आणि देवळाच्या जीर्णोद्धाराकडे लक्ष ठेवा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, गाड्यांना जागा, असं करत राईचा गाभाच मोकळा होतो. कधी बांधकामाच्या खर्चासाठी राईतलंच झाड विकलं जातं. देऊळ मोठं करायला विरोध करू नका, पण ते राईच्या कोणत्या बाजूला वाढेल ते आधीच आखून घ्या.

सहावी पायरी: काढण्याचे नियम ठरवा

पूर्ण बंदी टिकत नाही आणि ती न्यायाचीही नाही. ज्यांनी या वनस्पती आजवर वापरल्या आणि म्हणून ओळखल्या, त्यांनाच बाहेर काढून राखण होत नसते. माझी आजी शतावरी खणताना बाहेरचे कंद घ्यायची आणि मधला गड्डा परत मातीत बसवायची. मी सगळंच उपसायला लागलो की म्हणायची, ‘‘रे, मूळ उपटलंस तर फुडल्या वर्साक काय उपटतलंस?’’ नियम त्यातूनच काढले आहेत.

फळं: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, रातांबे पिकल्यावरच घ्या, फांदी तोडून नको. झाडावरची आणि खाली पडलेली मिळून तिसरा हिस्सा तिथेच ठेवा. वावडिंगाच्या वेली फळांसाठी कापून खाली ओढतात, ते आधी थांबवा.

पाला: एका झाडाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त नको, शेंडा नको. फोडशीची भाजी सुरीने पानं कापून आणा. पांढऱ्या बुडख्यासकट उपटलेली जुडी बाजारात छान दिसते, पण तो कंद पुढच्या मृगाला वर येत नाही.

गुळवेल: मधले तुकडे घ्या, बुंधा आणि झाडावरचा भाग राहू द्या. काढलेल्यातले दोन हातभर तुकडे तिथेच दुसऱ्या झाडाच्या बुडाशी खोचा, पावसात ते रुजतात. मादी वेलीला फळं असताना हात लावू नका.

साल: इथे सगळ्यात जास्त झाडं मरतात. खोडाभोवती गोल साल काढली की पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं. कुडा तोडला तरी फुटतो, म्हणून त्याची फांदी कापून तिची साल घ्या, खोडाला हात नको. अशोकाच्या सालीला आम्ही राईत आणि वहाळावर पूर्ण बंदी केली, कारण झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्याला हवी त्याने परसात लावलेल्या अशोकाची घ्यावी, आणि नसेल तर आज लावावा.

मुळं आणि कंद: बी गळून पडल्याशिवाय खणायचं नाही. शतावरीचे निम्मे कंद ठेवायचे. सप्तरंगी, नरक्या, सर्पगंधा यांची मुळं अजिबात नाहीत. दशमुळासाठी टेटू, पाडळ, शिवण यांची मुळं मागणारे येतात. या झाडांची मागणी लागवडीतूनच भागवायला हवी, रानातून ती भागणार नाही.

आणि पाळी लावा. राईच्या, उताराच्या तीन वाटण्या करून एका वर्षी एकच खुली, बाकी दोन विसाव्याला.

सातवी पायरी: वणवा, रानमोडी, पातेरा

वणव्याची तयारी माघातच हवी, गवत पूर्ण वाळण्याआधी. राखलेल्या जागेभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करा. तो जाळूनच करायचा असेल तर भल्या पहाटे, पाण्याचे डबे आणि हिरवे टाहाळ घेऊन, शेजारच्या मालकांना आणि वनरक्षकाला आधी सांगून. दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं की आग कुणाचं ऐकत नाही. आमचे बहुतेक वणवे रस्त्याच्या बाजूने येतात, म्हणून पहिला पट्टा तिकडे. कुडा-बिवल्यासारखी झाडं आगीनंतर पुन्हा फुटतात, पण राईच्या कडेची कोवळी रोपं एका तासात जातात आणि मोजणीतला मधला रकाना रिकामा राहतो.

रानमोडी हे बाहेरून आलेलं झुडपी तण. ती थंडीत फुलते आणि तिचं बी वाऱ्यावर उडतं. त्यामुळे भाद्रपद-आश्विनात, माती मऊ असताना, मुळासकट उपटा आणि उपटलेली झुडपं मुळं वर करून तिथेच पसरा, माती झाकली जाते. उपटण्याआधी तिच्यावर चढलेल्या वेली सोडवून घ्या. घाणेरी उतारावर एकदम साफ करू नका. एका वर्षी गुंठा-दोन गुंठे पुरे, नाहीतर आपल्या पावसात ती माती थेट वहाळात जाते. आणि दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा तिथेच जावं लागतं, ही तयारी ठेवूनच सुरुवात करा.

तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, पातेरा गोळा करतात, त्याबरोबर राईतलं बीही शेतात जाऊन जळतं. आमच्या बेहड्याच्या पोरांचा पत्ता अखेर तिथेच लागला. आता पातेरा बागांमधून आणतात, राईतून नाही. गुरांसाठी तारेचं कुंपण नको. रोपं जास्त असतील तेवढ्या भागाला दगडाचा गडगा घाला, पाणी वाहायला खाली मोऱ्या ठेवून.

आठवी पायरी: लावायचंच असेल तर

राखण नीट झाली तर बहुतेक जागी लावावं लागत नाही. दोन-तीन पावसाळे थांबा. तरीही रोपं आली नाहीत तरच लावा, आणि बी त्याच गावातलं किंवा शेजारच्या डोंगरावरचं घ्या, एका झाडाचं न घेता दहा-पंधरा झाडांचं मिसळून. लांबच्या रोपवाटिकेतली स्वस्त रोपं राईत नेऊ नका. ती कुठल्या रानातून आली ते कुणी सांगत नाही.

रातांबा आणि अशोक यांचं बी वाळवून ठेवलं की मरतं, ते ताजंच पेरा. बिवल्याच्या चकतीसारख्या शेंगांची कड कापून त्या भिजवून पेरल्या की लवकर रुजतात. रोपं गावातच पिशव्यांत वाढवा, वर्षभराची झाली की आषाढात लावा, मूळ झाडाच्या अगदी खाली न लावता थोड्या अंतरावर.

सड्यावर झाडं लावू नका. वृक्षारोपणाच्या उत्साहात खड्डे मारायला सड्याइतकी मोकळी जागा कुठे दिसत नाही, मान्य आहे. पण तिथल्या कंदांना ऊन हवं आहे. तिथे लावलेलं झाड जगलं तर कंद मरतात, आणि झाड मेलं तर फुटलेला कातळ तेवढा राहतो.

नववी पायरी: कागद आणि व्यापारी

जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यामुळे अनेक गावांच्या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. तुमच्या गावची वही मागून घ्या, वाचा आणि आपल्या मोजणीचे आकडे ग्रामसभेच्या ठरावाने तिच्यात घाला. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा मात्र उघड्या वहीत लिहू नका. ‘वरची राई’ एवढं पुरे, नकाशा समितीकडे बंद ठेवा. मोबाइलच्या फोटोतही ठिकाण साठतं, समाजमाध्यमांवर टाकण्याआधी ते बंद करा.

घरच्या वापरासाठी काढणाऱ्या गावकऱ्यांना आणि वैद्यांना या कायद्याने अडवलेलं नाही. रानातला माल व्यापारासाठी उचलणाऱ्या कंपनीने मात्र राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं. लागवडीच्या औषधी वनस्पतींना २०२३ च्या दुरुस्तीने सूट मिळाली, त्यामुळे रानातला माल लागवडीचा म्हणून दाखवला जात नाही ना, यावर डोळा ठेवा. गावाच्या हद्दीतून व्यापारी माल नेण्यावर समिती शुल्कही लावू शकते. व्यापारी आला तर त्याला विचारा: कोणती वनस्पती, कोणता भाग, किती किलो, कुठे जाणार. उत्तरं लिहून घ्या, सही घ्या. ज्याला सही द्यायची नसते तो बहुधा त्याच दिवशी निघून जातो.

मोजणी दरवर्षी त्याच चौकोनांत, त्याच सुमारास. कंदांची भाद्रपदात, झाडांची तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, कारण तेव्हा भातकापणी आटोपलेली असते आणि माणसं मिळतात. जुनी वही बरोबर न्या, गेरू भिजवून न्या, आणि या वेळी गेल्या वर्षी न आलेलं एखादं पोरही न्या.